मेनफोल्डचं पॅकिंग

गॅरेजमध्ये त्याला कुणी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गॅसकेट म्हणत नाही. नाशकात कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो 'मेनफोल्डचं पॅकिंग' म्हणेल. वीतभर लांबीची, तीन मोठी भोकं असलेली एक पातळ पट्टी. इंजिनाचं हेड आणि बिडाचा मेनफोल्ड यांच्यामध्ये ती दाबून बसवलेली असते. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळून झालं की तापलेला वायू हेडच्या तीन तोंडांतून मेनफोल्डमध्ये येतो, तिथे एकत्र होतो आणि एकाच पाइपातून गाडीच्या पोटाखालून मागे सायलेन्सरकडे जातो. मधल्या फटीतून तो निसटू नये, एवढंच त्या पट्टीचं काम.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्यात पाणी खेळतं, त्यामुळे त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपास राहतं. मेनफोल्डला पाणी नाही, तो चारशे-पाचशे अंशांपर्यंत सहज तापतो. मी मेकॅनिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे असली गणितं मांडायची खोड अजून गेलेली नाही. पाव मीटर लांबीचं बीड चारशे अंशांनी तापलं तर साधारण १.१ मिलिमीटरने वाढतं. तेवढ्याच लांबीचं अ‍ॅल्युमिनियम सत्तर अंशांनी तापलं तर ०.४ मिलिमीटरने. म्हणजे नटांनी एकमेकांना आवळलेले दोन भाग गाडी चालवली की जवळपास पाऊण मिलिमीटर एकमेकांवरून सरकू बघतात आणि गाडी थंड झाली की परत जागेवर येतात. मध्ये अडकलेल्या पट्टीने हे रोज सोसायचं. आमच्या ऑल्टोतल्या पट्टीने ते अठरा वर्षं सोसलं होतं.

ही पट्टी जळायला लागली की पहिली खूण म्हणजे आवाज. तोही फक्त थंड इंजिनाला. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून कोरडी, टोकदार टिकटिक येते. पाच-सात मिनिटांत धातू तापून फुगतात, फट मिटते आणि आवाज बंद होतो. गाडी गॅरेजपर्यंत जाईतो ती अगदी शहाण्यासारखी चालत असते. त्यातून टॅपेटचा आवाज आणि हा आवाज सख्ख्या भावांसारखे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा वायू बाहेर टाकतो, टॅपेटही दोन फेऱ्यांत एकदाच वाजतं. इंजिन मिनिटाला नऊशे फेरे घेत उभं असेल तर दोन्हींची टिकटिक मिनिटाला साडेचारशे. नुसतं मोजून फरक कळत नाही, त्याला कान लागतो.

आमच्या घरात तो कान बाबांचा होता.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये डाय फिटर होते. १९८५ ला लागले, २०१९ ला निवृत्त झाले. नाशिककरांना सातपूर-अंबड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत द्राक्षं, तीर्थ आणि चिवडा यांच्या या गावात मोटारी, डिझेल इंजिनांचे सुटे भाग, स्विचगिअर असं सगळं बनू लागलं. त्याच्या आगेमागे आयटीआय झालेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या शेड्समध्ये गेल्या. इंदिरानगर, राजीवनगर, पाथर्डी फाटा या भागात आज जे फ्लॅट आहेत, त्यांतल्या कितीतरी फ्लॅटचे हप्ते त्या पाळ्यांनी फेडलेत. आमचाही त्यातलाच.

डाय फिटर म्हणजे प्रेसमध्ये पत्रा ज्या साच्यात दाबला जातो, तो साचा जुळवणारा माणूस. वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर नीट बसतोय का, हे निळा रंग लावून बघायचं, जिथे रंग उमटेल तो उंचवटा घासायचा, परत बघायचं. हातांचं काम. पण ते काम ज्या शेडमध्ये चालायचं तिथे शेकडो टनांच्या प्रेस दिवसभर आपटत असायच्या. प्रेस बिघडायला लागली की तिचा आवाज आधी बदलतो आणि ते बाबांना लांबून कळायचं, असं त्यांचे सोबती घरी आले की सांगायचे. घरातही तेच. मिक्सरचं बेअरिंग, पंख्याचा कंडेन्सर, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा क्लच, बाबा खुर्चीतून न उठता निदान करायचे. ऑल्टो २००६ साली आली तेव्हापासून तिला काय होतंय हे गॅरेजवाल्याच्या आधी बाबांना माहीत असायचं.

२०२४ च्या नोव्हेंबरात, निफाडचा पारा पेपरात यायला लागतो त्या दिवसांत, मला ती टिकटिक ऐकू यायला लागली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा सकाळी सातला गाडी काढून आईला जॉगिंग ट्रॅकवर सोडतात आणि भाजी घेऊन येतात. मी खिडकीशी चहा घेत असायचो आणि खालून आवाज वर यायचा. तीन दिवस वाट पाहिली, बाबा काही बोलतील म्हणून. चौथ्या दिवशी विचारलं.

"बाबा, गाडी वाजतेय ना?"

"कुठे काय? मस्त चाललीये."

दुसऱ्या सकाळी मी खाली गेलो. बॉनेट उघडलं, गाडी चालू केली. टिकटिक एवढी स्पष्ट होती की शेजारी दूध घ्यायला निघालेल्या काकू थांबून बघायला लागल्या. बाबा वाकून इंजिनाकडे बघत होते. त्यांनी डोकं एका बाजूला कलवलं, मग दुसऱ्या बाजूला. "काही नाहीये रे," म्हणाले.

गाडी गॅरेजला नेली. तोवर ती गरम झालेली, त्यामुळे तिथेही काही नाही. मिस्त्री म्हणाला, "टॅपेट असतील, काका. आणि खरं सांगू का, हिच्यावर आता खर्च नका करू." त्याचं चुकीचं नव्हतं. गाडीची पंधरा वर्षं २०२१ लाच भरली. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण सहाशे रुपयांत झालं होतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याच कामाचं शुल्क पाच हजार झालं. पुढचं नूतनीकरण २०२६ ला. असल्या गाडीत कुणी जीव अडकवू नये, हा व्यवहारी सल्ला होता.

पण मला टॅपेट आणि गळती यांतला फरक हवा होता आणि तो बाबांना दाखवायचाही होता. माझ्या हाताशी जे हत्यार होतं ते मी वापरलं. फोनमध्ये आवाजाचा आलेख काढणारं एक अ‍ॅप आहे: आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कंपनसंख्या आणि आवाज जितका मोठा तितका रंग भडक. एका गार सकाळी बॉनेट उघडून फोन इंजिनासमोर धरला. खाली दोन-तीनशे हर्ट्झपर्यंत इंजिनाच्या घरघरीचा जाड पट्टा आणि त्याच्यावर, दोन हजारांपासून पार आठ हजारांपर्यंत, सेकंदाला सात-आठ अशा उभ्या, बारीक, पिवळ्या रेघा. कंगव्यासारख्या.

बाबांनी फोन हातात घेतला. रेघा बघितल्या. प्रेसचे स्ट्रोक मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही.

"हा आवाज आत्ता येतोय?"

"हो."

"मोठा आहे?"

"वर आपल्या खिडकीत येतो, बाबा."

त्यांनी फोन मला परत दिला आणि बॉनेट बंद केलं. दिवसभर फार बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली आणि म्हणाले, "पॅकिंग असेल तर आपण घरीच बदलू. आधी कुठून गळतंय ते दाखव."

गळती दाखवण्याची एक सोपी पद्धत आहे आणि त्यात इंजिन चालू करावं लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावायचा, दुसरं टोक सायलेन्सरच्या नळीत घालून भोवती फडकं गुंडाळायचं आणि क्लीनर चालू करायचा. मागून हवा भरली जाते आणि जिथे फट असेल तिथून बाहेर येते. मग सांध्यावर साबणाचं पाणी मारायचं. पुढच्या बाजूचा उष्णतारोधक पत्रा काढून मी पाणी मारलं. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी, खालच्या कडेला, फेस फुलून आला. तिथेच हेडवर काजळीचा एक काळा ओघळ होता.

बाबा म्हणाले, "हे दिसतंय मला."

एवढ्याशा फटीने काय बिघडतं, असं सोसायटीतल्या दोघा-तिघांनी विचारलं. आवाज सोडला तर गाडी चालत होतीच. पण ही गळती खोडसाळ असते. मेनफोल्डवर एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळालेल्या वायूत किती प्राणवायू उरलाय हे तो मोजतो आणि गाडीचा संगणक त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. फटीतून वायू बाहेर जातो हे आपल्याला ऐकू येतं, पण दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी मेनफोल्डमधला दाब कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो. तो प्रामाणिकपणे तसं कळवतो. संगणक समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवतो. सेन्सर शाबूत, संगणक शाबूत आणि तरी गाडी पेट्रोल जास्त खाते. दोघांना मिळणारी बातमीच गळक्या सांध्यातून आलेली असते.

पीयूसीचंही तसंच. आमच्या गाडीच्या वर्गाला उभ्या इंजिनात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. आदल्या महिन्यात आमची गाडी आरामात पास झाली होती. पण फटीतून आत आलेली हवा धुरात मिसळली की धूर पातळ होतो आणि नळीच्या टोकाला आकडा कमी दिसू शकतो. कागदावर गाडी स्वच्छ आणि बॉनेटखाली कच्चा धूर मोकळा. तो धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचलेलाच नसतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. गाडीत बाहेरची हवा घेणारी जाळी बॉनेटच्या मागेच, काचेखाली असते. इंदिरानगरच्या बोगद्याशी संध्याकाळी वीस मिनिटं काच बंद करून उभं राहणं हा आमच्या भागातला नेहमीचा कार्यक्रम. शेजारच्या सीटवर आई असते. म्हणून हे काम २०२६ वर ढकलण्यासारखं नव्हतं.

मुंबई नाक्याकडच्या एका दुकानात पॅकिंग मिळालं. दोघांच्या मिसळीच्या पैशांत. सोबत तांब्याचा मुलामा दिलेले नवे नट घेतले. शनिवारी रात्री बाबांनी प्रत्येक नटाच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडलं, पहाटे पुन्हा एकदा सोडलं. रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची काळी वायर काढली, चाकांना विटा लावल्या आणि सुरुवात केली.

आधी सेन्सरची वायर सोडवली. मग खालच्या पाइपाचे नट. मग मेनफोल्डचे, बारा नंबरच्या गोटीने, कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थोडा थोडा सैल करत. एकदम एकच नट पूर्ण सोडला तर बाकीच्यांवर ताण येतो. कोपऱ्यातला शेवटचा नट फिरला, पण स्टडसकट. मी धसकलो. बाबा खूश झाले. "तुटला नाही ना? निघाला म्हणजे चांगला." त्यांनी तो स्टड साफ केला, त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून बसवले आणि वरचा नट पान्याने फिरवून स्टड परत आटीत घातला. कुठल्याही पुस्तकात सापडेल अशीच युक्ती आहे, पण मी ती पहिल्यांदा त्या दिवशी बघितली. चार वर्षांच्या पदवीत मी थर्मोडायनॅमिक्सचे तीन पेपर दिले होते आणि वर्कशॉपमध्ये एक चौकोनी तुकडा कानशीने घासला होता.

मेनफोल्ड हातात आला. जुनं पॅकिंग तिसऱ्या भोकाशी अर्ध्या बोटभर जळून गेलं होतं. हेडच्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली, किती कोंबली ते मोजून पाटीवर लिहून ठेवलं. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे पाणी मारून ओले केले आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले. ओले अशासाठी की जुन्या पॅकिंगमध्ये पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, त्याची धूळ छातीत जाऊ नये. प्लास्टिक अशासाठी की अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडाचा ओरखडा उठला तर तीच नवी गळती.

इथपर्यंत मी फोनवर मॅन्युअल उघडून पुढची पायरी वाचत होतो आणि बाबा करत होते. पुढच्या पायरीला त्यांनी मला थांबवलं. मेनफोल्डच्या तोंडावरून त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट हळूच फिरवलं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, डोळे दुसरीकडेच. तिसऱ्या तोंडाशी बोट थांबलं. "इथे बसलंय."

मी स्टीलची पट्टी आडवी धरून फीलर गेज घातलं. ०.१५ मिलिमीटरचं पान पट्टीखालून सरळ गेलं. अशा तोंडाला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंत चालतं. नवं पॅकिंग असंच बसवलं असतं तर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच जळलं असतं.

मी म्हटलं, सोमवारी मशीन शॉपला देऊ. बाबांनी घरातून जुन्या टीपॉयची जाड काच मागवली. ती पार्किंगच्या फरशीवर गोणपाटावर ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर ताणून चिकटवला आणि त्यावर मेनफोल्ड तोंड खाली करून घासायला सुरुवात केली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत, मध्येच मेनफोल्ड उलटा धरून, दर वेळी थोडा वेगळ्या बाजूने पकडून, म्हणजे एकाच कडेवर जोर पडत नाही. मार्करने तोंडावर रेघा मारायच्या, दहा-वीस हात फिरवायचे आणि कुठल्या रेघा पुसल्या ते बघायचं. उंच भाग आधी पुसला जातो. खोल भागातली रेघ शिल्लक राहते. ती रेघसुद्धा गेली की तोंड सपाट. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, निळ्या रंगाने. दीड तास लागला. मधला अर्धा तास त्यांनी मला करायला दिला आणि माझ्या हातावर हात ठेवून जोर कुठे कमी करायचा ते दाखवलं. शेवटी ०.०५ चं पानही कुठून आत जाईना.

फडकी मोजून काढली. नवं पॅकिंग कोरडंच, कसलाही लेप न लावता बसवलं. मेनफोल्ड चढवला आणि आता नट मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळायचे होते. माझ्याकडे उसना आणलेला टॉर्क पाना होता, २३ न्यूटन-मीटरवर लावलेला. तेवढा जोर झाला की पाना 'टक' असा आवाज करतो, तिथे थांबायचं. बाबा पान्याच्या बाजूला होते, मी वरून टॉर्च धरला होता. मला टक ऐकू आलं आणि मी "बस" म्हणणार, तोवर बाबांचा हात थांबलेलाच होता. दुसऱ्या नटालाही तसंच. तिसऱ्याला मी विचारलं, "ऐकू येतंय का?"

"नाही. हाताला कळतं."

पुढचे सगळे नट तसेच गेले. मला आवाज, त्यांना हात, एकाच क्षणी. मला त्या वेळी जे कळलं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. बाबांनी गाडीच्या आवाजाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं, दुर्लक्षही केलं नव्हतं. त्यांच्याकडे ती बातमी पोचतच नव्हती. आणि गेली दोन-तीन वर्षं घरात जे चाललं होतं, म्हणजे टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, "हल्ली लोक पुटपुटतात" ही तक्रार, फोन आला की आईच्या हातात देणं, लग्नाकार्यात कोपऱ्यात बसून राहणं, हे आम्ही सगळे वय, स्वभाव, निवृत्ती अशा खात्यांवर मांडत आलो होतो. सगळं एकाच फटीतून येत होतं.

गाडी चालू केली. मी ऐकलं: टिकटिक नाही. मग अ‍ॅप लावलं, रेघा नाहीत. बाबांनी अ‍ॅप बघितलं, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. इंजिन बंद करून व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा लावला आणि साबणाचं पाणी मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. फेस नाही. दोन दिवस गाडी चालवून, ती पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासले. दोन नट किंचित फिरले. ते अपेक्षितच असतं, पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं.

पॅकिंग बदललं त्या आठवड्यात बाबा स्वतःहून म्हणाले, "कानाचं बघून घेऊ एकदा."

तपासणीची खोली लहान, भिंतींना फोम. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेतून मला बाबा दिसत होते. सुरुवातीला बोट सारखं हलत होतं. मग बराच वेळ हललं नाही. निकालाचा कागद म्हणजे एक आलेख असतो: आडव्या अक्षावर कंपनसंख्या, उभ्यावर ऐकू यायला लागणारा आवाज, डेसिबलमध्ये, खाली खाली वाढत जाणारा. बाबांची रेघ एक हजार हर्ट्झपर्यंत जवळपास ठीक होती. तिथून ती घसरत चार हजारांपाशी पासष्ट डेसिबलपर्यंत खाली गेली होती आणि आठ हजारांकडे जाताना थोडी वर आली होती. दोन्ही कानांना जवळपास सारखीच. चार हजारांपाशी पडणारा हा खड्डा आवाजाने झालेल्या बहिरेपणाची ओळखीची खूण आहे. नुसत्या वयाने रेघ उताराला लागते, ती अशी पुन्हा वर येत नाही. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीतल्या केसांसारख्या पेशी आवाजाच्या माऱ्याने मरतात, चार हजारांच्या आसपासच्या आधी. त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर खालच्या कंपनसंख्यांमध्ये असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, च यांची धार वर असते, ती जाते. माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. म्हणून लोक पुटपुटताहेत असं वाटतं. आणि फटीतून निसटणाऱ्या वायूची टिकटिक नेमकी त्याच पट्ट्यात पडते.

बाबांनी कागद बराच वेळ बघितला. मग त्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे बसलंय." मेनफोल्डला म्हणाले होते तसंच, त्याच सुरात.

घरी येऊन मी वाचत बसलो. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडची नेहमीची मर्यादा ९० डेसिबल. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे शंभर डेसिबल हे नव्वदपेक्षा 'जरासं जास्त' नसतं. बाबा नोकरीत होते तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, शिसं, सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस यांच्यासोबत आवाजाने आलेला बहिरेपणाही आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार म्हणून धरलेला आहे. बाबांना हे वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, कळवायचं कुणी? मी म्हटलं, कारखान्याने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने. ते हसले. "आम्ही कापूस घालायचो कानात. प्लग मिळायचे, पण प्लग घातला की प्रेसचा आवाज कळत नाही. आवाज कळला नाही तर डाय फुटते. आणि डाय फुटली तर हात जातो." चौतीस वर्षांत दहा बोटं शाबूत ठेवून बाहेर पडणारा प्रेस शॉपचा माणूस तो हिशोब असा मांडतो. त्याच्यासमोर मी डेसिबलचा तक्ता काय ठेवणार होतो!

या हिशोबाला घरात दुसरी कुठली बाजूच नव्हती असं मात्र नाही. आई शांतपणे म्हणाली, "तुमचे हात राहिले, हे बरंच झालं. पण तीन वर्षं मी एकटीच बोलतेय." त्यावर बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी श्रवणयंत्राची चौकशी करायला निघाले.

यंत्रं तीन आठवड्यांच्या चाचणीवर आणली. पूर्वीसारखी सगळंच मोठं करणारी नाहीत, त्या आलेखातला खड्डा जिथे आहे तिथेच जोर देणारी. पहिल्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात जाऊन नळ गळतोय का ते बघून आले. नळ बंद होता, आई वर्तमानपत्राची घडी घालत होती. बाजारात, लग्नात अजून त्रास होतो, गोंगाटात यंत्र फार उपयोगी पडत नाही. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांसमोर ती काढून खिशात ठेवायचे. मग त्यातल्या एकाने हळूच विचारलं, कुठून घेतलीस आणि कितीला. आतापर्यंत त्या ग्रुपमधले तिघं तपासून आले. तिघांच्याही कागदांवर खड्डा चार हजारांपाशीच.

घरी एक पद्धत पडली आहे. गाडीची सर्व्हिस आम्ही दोघं मिळून करतो. आवाज मी ऐकायचा आणि कुठून, कसा, केव्हा हे शब्दांत सांगायचं. "टोकदार", "ओला", "खरखरीत" असले शब्द बाबांनी मला एकेक करून दुरुस्त करून दिलेत. तपासायचं आणि जुळवायचं त्यांनी. माझं बोट अजून ०.१५ मिलिमीटर ओळखत नाही, पण ०.३ ओळखतं. टीपॉयच्या काचेवर जुन्या पान्याचे तुकडे घासून मी रविवारी सराव करतो.

नव्या वर्षाचं कालनिर्णय बाबांनी डिसेंबरातच भिंतीवर लावलं. पीयूसी संपते त्या पानावर त्यांनी नेहमीसारखी तारखेला खूण केली आहे आणि त्याच चौकोनात खाली, बारीक अक्षरात, 'कान, दुसरी तपासणी' असं लिहिलंय. २०२६ ला गाडीची नोंदणी संपेल तेव्हा नूतनीकरणाचं शुल्क भरायचं की गाडी मोडीत द्यायची, यावर घरात अजून एकमत नाही. आईचं मत नवी घ्यावी. बाबांचं म्हणणं, नव्या गाड्यांना आवाजच नसतो, बिघडल्या तर कळणार कसं.